जळक्या ऑइलचे वारस

मोटरसायकलचं ऑइल बदलणं हे नवशिक्यानं करायचं पहिलं काम, असं जाणकार सांगतात. इंजिनखालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. अर्ध्या तासाचा मामला. हे जाणकार आटपाडीत राहत नसावेत. इथं अर्धा तास तर ‘काय चाललंय सर?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यातच जातो, आणि विचारणारा उत्तर ऐकून पुढं जात नाही. तो बसतो.

माझी गाडी स्प्लेंडर. हे मॉडेल बाजारात आलं १९९४ साली. आमच्या दारात आलं त्यानंतर थोड्याच वर्षांनी, आणि वडिलांनी तिचा पहिला नारळ फोडला तो खरसुंडीच्या सिद्धनाथापुढं. हिरो आणि होंडा या दोन कंपन्यांची फारकत २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाली. माझ्या टाकीवर मात्र दोघं अजून एकत्र नांदतात. इंजिन ९७.२ सीसीचं. त्यावर आजवर वडील, मी, बायको, दोन पोरं, डाळिंबाचे क्रेट, पेंडीची पोती आणि एकदा एक अडलेली शेळी एवढ्यांनी प्रवास केला आहे. गाडीनं कधी तक्रार केली नाही. शेळीनं केली.

मीटरची केबल केव्हाच तुटलेली आहे. काटा शून्यावर आणि आकडा होता तिथंच. ऑइल दोन-अडीच हजार किलोमीटरला बदलावं म्हणतात, पण किलोमीटरच कळत नसतील तर माणसानं काय करावं? मी आवाजावर जातो. पहिला गिअर टाकताना ‘खट्’ झालं तर ऑइल ठीक आहे. ‘खटॅक’ झालं तर बदलायला आलंय. आणि आवाज ऐकून शेजारच्या काकींनी “कोण पडलं का?” असं विचारलं, तर उशीर झालाय. त्या दिवशी काकींनी विचारलं.

वार नेमका शनिवार. शनिवारी आटपाडीचा बाजार असतो. शेळ्या-मेंढ्या विकून खिशात पैसे आलेला माणूस आधी गाडी मिस्त्रीकडं लावतो आणि मग घरी जातो, कारण घरी गेल्यावर पैसे राहत नाहीत. मिस्त्रीच्या दारात गाड्यांची रांग पार रस्त्यावर आलेली. आमचा मिस्त्री बोलणारा माणूस नाही. मान वर न करता म्हणाला, “ठेवून जावा.”

“कधी मिळेल?”

“मिळंल.”

इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घर्षण हा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय की फळ्यावरचं माझं घर्षण मोजलं तर ते गाडीपेक्षा जास्त भरेल. वंगण दोन पृष्ठभागांच्या मधे पातळ थर तयार करतं, झीज कमी होते, उष्णता वाहून नेली जाते. हे मी न बघता सांगू शकतो, आणि आजवर ते न बघताच सांगत आलोय. तेव्हा आज बघूनच टाकू, असं ठरवून मी गाडी वळवली.

घरी बायकोला सांगितलं. तिनं पोळी उलटली.

“मिस्त्री किती घेतो?”

“पन्नास.”

“आणि तुम्ही पन्नास वाचवणार?”

“प्रश्न पैशाचा नाही. स्वावलंबनाचा आहे.”

“मग पन्नास माझ्याकडं द्या,” ती म्हणाली. स्वावलंबनाची सुरुवात अशी आगाऊ रक्कम भरून झाली.

*

ऑइलच्या दुकानात गर्दी होती. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. काठावर पास झालेला.

“कुठलं देऊ सर? दहा-तीस का वीस-चाळीस?”

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मी संधी सोडली नाही. सांगितलं, की या आकड्यांच्या मधे जो डब्ल्यू असतो तो विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. नव्या गाड्यांना दहा-तीस चालतं, जुन्यांना पूर्वीपासून वीस-चाळीस घालायची पद्धत आहे. मागं रांग वाढत होती.

“सर, पण आटपाडीत हिवाळा असतुया किती?”

“म्हणून तर दुसरा आकडा महत्त्वाचा.”

“बरं. मग लाल डबा देऊ का निळा?”

मी लाल घेतला. ९०० मिलीचा. लिटरचा का नाही, ही शंका मलाही पूर्वी यायची आणि कंपनी शंभर मिली खाते असं माझं प्रामाणिक मत होतं. खरं कारण साधं आहे. या शंभर सीसीच्या गाड्यांच्या पोटात ऑइल बदलताना एवढंच बसतं. उरलं की माणूस तेही ओततो, आणि जास्त ऑइल हे कमी ऑइलाइतकंच वाईट.

आता पाना. ऑइलच्या बोल्टाला १७ नंबरचा पाना लागतो. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात पान्यांचा सेट आहे, आणि प्रत्येक सेटमधे १७ नंबरची जागा रिकामी आहे. आठ-नऊ आहे, दहा-अकरा आहे, बारा-तेरा आहे. सोळा-सतरा? “हुता की. दाजींनी नेलाय.” दाजींकडं गेलो तर त्यांनी तो मेव्हण्याला दिलेला. मेव्हणे दिघंचीला. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूला उचलून, टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवून आमच्या तालुक्यात आणलं सरकारनं. पण गल्लीतला पाना गल्लीत आणणं कुठल्याही योजनेत बसत नाही.

तोवर गल्लीतले तात्या स्क्रू पाना घेऊन आले. ‘कुटल्याबी नंबरला चालतुया’ ही त्याची ख्याती. याच पान्यानं आटपाडीतल्या निम्म्या बोल्टांचे कोपरे झिजून ते गोल झालेत. मी तो नम्रपणे बाजूला ठेवला. तात्या नम्रपणे रागावले आणि कट्ट्यावर बसले. शेवटी १७ चा पाना काकींच्या घरी सापडला. त्या तो मिरच्या कुटायच्या खलबत्त्याखाली, खल हलू नये म्हणून लावत होत्या.

*

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजांनी १९३९ साली तिथं बिनभिंतींची कैद्यांची वसाहत सुरू केली. शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मधे काढला तो याच प्रयोगावरून. भिंत नसताना माणूस कसा वागतो, हा त्यातला मोठा प्रश्न. माझ्या अंगणालाही भिंत नाही, आणि उत्तर मला ठाऊक आहे. माणूस आत येतो.

मी गाडी मेन स्टँडवर घेतली. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवलं, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर पडतं. एवढ्या वेळात अंगणात माणसं जमली. त्यातल्या एकानंही आयुष्यात ऑइल बदललेलं नव्हतं. सगळ्यांच्या गाड्या मिस्त्रीच बघतो. पण दुसऱ्याच्या गाडीखाली वाकून बघितल्यावर माणसाला जे ज्ञान होतं, ते स्वतःच्या गाडीवर बसून होत नाही.

तात्यांनी सुरुवात केली. तात्यांकडं एकेकाळी राजदूत होती. ती विकून जमाना झाला, पण बोलताना ती अजून दारात उभी असते.

“पेट्रोलात किती टाकलं?”

“काय?”

“ऑइल. आमच्या राजदूतला पेट्रोलात टाकायचो. उभ्या जन्मात बदललं न्हाई.”

मी समजावलं, की राजदूत टू-स्ट्रोक. तिच्यात ऑइल पेट्रोलाबरोबर जळून धुरातून जायचं, म्हणून बदलायचा प्रश्न नव्हता. तिच्या गिअरचं ऑइल तेवढं वेगळं असायचं. ही फोर-स्ट्रोक. हिचं ऑइल पोटातच फिरत राहतं आणि काळं पडतं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “म्हंजी गाडीच नाजूक हाय.”

बापूंकडं ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टर असलेला माणूस दुचाकीकडं कशा नजरेनं बघतो हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. “कशाला डबा आणला? आमच्याकडं ट्रॅक्टरचं ऑइल पडलंय की. निम्मी घागर हाय.” पुन्हा समजावलं. मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच, तिघं एकाच ऑइलमधे राहतात. क्लचच्या प्लेटांना थोडं घर्षण लागतं. भलतंच ऑइल घातलं तर त्या घसरतात. इंजिन गुरगुरतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून दुचाकीच्या डब्यावर जासो एमए असं छापलेलं असतं. बापूंनी डबा हातात घेऊन ते शोधलं, सापडल्यावर पुन्हा दाखवलं आणि म्हणाले, “छापायला काय, कायबी छापत्यात.”

मग आले अण्णा. अण्णांचा गलाईचा धंदा केरळात. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत आणि सणावाराला गावी आली की प्रत्येक गोष्ट तिकडं कशी असते ते सांगतात. “आमच्याकडं,” अण्णा म्हणाले, “आमच्याकडं म्हंजी कोचीला, मशीन ऑइल वरनंच ओढून काढतंय. खाली हातसुदिक लावत न्हाईत.” सगळे कोचीच्या दिशेनं आदरानं बघू लागले. मी खाली हात लावून बसलो होतो.

पुतण्याच्या मोबाइलवर व्हिडिओ चालू होता. त्यातल्या माणसाचे हात स्वच्छ, फरशी स्वच्छ, आणि बोल्ट दोन बोटांनी निघाला. मी तो भाग परत लावायला सांगितला. परत दोन बोटांनीच निघाला.

*

खरी पंचाईत पुढं होती. इंजिनच्या तळाशी बोल्ट दोन. एक ऑइलचा. दुसरा त्याहून थोडा लहान, टायमिंग चेनच्या टेन्शनरचा. तो काढला तर आतून स्प्रिंग आणि दांडी बाहेर येते, आणि ती परत बसवताना नवशिक्या माणूस देवाधर्माला लागतो. नेमका कुठला कोणता, हे चिखलाच्या थरातून ओळखायचं होतं.

“डाव्या अंगाचा,” बापू म्हणाले.

“कुणाच्या डाव्या? गाडीच्या का आपल्या?”

यावर बराच खल झाला. शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. आमच्याकडं ग्रामपंचायतीपासून सोसायटीपर्यंत निवडणुका एवढ्या होतात की हात वर करायला कुणाला शिकवावं लागत नाही. लहान बोल्टाला प्रचंड बहुमत मिळालं. तात्यांनी दोन्हीकडं हात वर केला. मी लोकमताचा मान राखून लहान बोल्टाला पाना लावला. तो सैल बसून गरागरा फिरला. १७ चा पाना मोठ्यालाच घट्ट बसत होता. बहुमत एका बाजूला आणि पाना दुसऱ्या बाजूला असं झालं की पान्याचं ऐकावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

बोल्ट निघेना. वर्षानुवर्षं धूळ, चिखल आणि ऑइल खाऊन तो इंजिनशी एकजीव झालेला.

“उलटा फिरवा.”

“उलटाच फिरवतोय.”

“तुमी खाली हाय. खालनं उलटा म्हंजी वरनं सुलटा.”

हे ऐकून मी थांबलो. भौतिकशास्त्राची पदवी असलेला माणूस गाडीखाली आडवा पडून घड्याळाच्या काट्यांची दिशा आठवतोय, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं नाही, ही सिद्धनाथाची कृपा. (दोघांनी पाहिलं. सोमवारी वर्गात कुणीतरी मुद्दाम ‘डावीकडं म्हणजे कुणाच्या डावीकडं?’ असं विचारलं.) नियम असा, की बोल्टाच्या माथ्याकडं तोंड करून बघायचं आणि काट्यांच्या विरुद्ध फिरवायचं, तुम्ही वर असा की खाली. जोर जास्त लागला तर अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनातले आटे जातात. आटे गेले की पन्नास रुपयांची बचत पाचशेवर जाते आणि बायको बरोबर ठरते.

खाली ठेवायला भांडं नव्हतं. परातीकडं बघितलं, तर बायकोनं खिडकीतून फक्त बोट हलवलं. तेवढ्यात नानांनी घमेलं दिलं. नानांचं घर बांधायचं चाललंय, पुढच्या आठवड्यात स्लॅब. घमेलं देताना ते सहज म्हणाले, “जळकं ऑइल मातूर मला लागंल. सेंट्रिंगच्या प्लेटांना.” मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यातला हा पहिला करार असेल जो मी उताणा पडून केला.

बोल्ट एकदम सुटला. ऑइल खाली पडतं अशी सर्वसाधारण समजूत आहे. पहिल्या क्षणी ते पुढं उडी मारतं. घमेलं जिथं होतं तिथून वीतभर पुढं धार गेली, ती तात्यांच्या चपलेवर. घमेलं सरकवलं, तेव्हा हातातला बोल्ट निसटून त्या गरम काळ्या ऑइलात पडला. बोल्ट काढायला हात घातला, चटका बसला, हात मागं घेतला, तो शर्टाला पुसला गेला. शर्ट दिवाळीचा होता. आणि मग कळलं की नानांच्या घमेल्याला बारीक भोक आहे.

“ते माल टाकताना बुजतंय,” नाना म्हणाले.

*

इथपर्यंत गाडीजवळ सल्ला होता, हात नव्हता. पण घमेल्यात ते काळं कुळकुळीत ऑइल दिसलं आणि वातावरण बदललं. माणसं उठून उभी राहिली. भोकाखाली कुणी डबा लावला, कुणी वाटी. नव्या ऑइलच्या डब्याची किंमत एकानंही विचारली नव्हती. जुन्याचे मात्र अंगणात पाच वारस निघाले.

नाना सेंट्रिंगवाले, करारानं पहिले. प्लेटांना जळकं ऑइल फासलं की काँक्रीट चिकटत नाही. बापूंना कडबा कुट्टीच्या चेनला हवं होतं. काकींच्या दाराच्या चौकटीला वाळवी. अण्णांच्या गेटच्या बिजागऱ्या वाजतात. त्या वाजल्या की अण्णा केरळातून आलेत हे गावाला कळतं, आणि उधारी मागणारे येतात. तात्यांना कशाला हवंय ते त्यांनी सांगितलं नाही. “असू दे,” म्हणाले. “लागतंय.”

एक धनगर म्हातारा रस्त्यानं चालला होता. त्यानंही काठी टेकली. “मेंढराला खरूज हाय, लावायला देता का वाईच?” त्याला तेवढं नाही म्हटलं. त्यात इंजिनच्या झिजेची भुकटी असते, जळालेली घाण असते. जनावर चाटतं आणि पोटात जातं. डॉक्टरकडून औषध घ्या म्हणालो. तो म्हणाला, “डाक्टर पैसं घेतुया.” कुणीतरी उरलेलं गटारात ओता, डास मरतील, अशीही सूचना केली. ज्या तालुक्यात पाण्याच्या टँकरची वाट बघत पिढ्या गेल्या, तिथं हे सुचावं याचं मला नवल वाटलं. पण ओतायला उरणारच काही नव्हतं.

वाटप सुरू झालं. ९०० मिली घातलेलं. काही इंजिननं खाल्लं, काही तात्यांच्या चपलेनं, काही दिवाळीच्या शर्टानं. राहिलं त्याचे भाग करायचे. काकींनी चहाचं माप आणलं. नाना म्हणाले, घमेलं माझं, तर घमेल्याला चिकटलेलं हिशेबात धरायचं नाही. बापू म्हणाले, मतदानात आम्ही बरोबर होतो. (नव्हते.) सख्ख्या भावांत बांध फुटतात ते उगाच नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो, मलाही एवढी माणसं एका कामाला लावता आली याचं समाधान वाटलं. फक्त काम माझं नव्हतं.

सगळे आपापला वाटा घेऊन गेले. अंगण एका मिनिटात रिकामं. मी एकटा राहिलो. बोल्ट पुसून लावला, घट्ट केला, वरून नरसाळं लावून नवं ऑइल ओतलं. मधाच्या रंगाचं. गाडी चालू केली. आवाज गुळगुळीत. बायकोला हाक मारली. ती आली, खाली वाकली आणि म्हणाली, “हे काय टपकतंय?”

*

थेंब पडत होता. मी बोल्ट आणखी आवळला, तरी पडत होता. दिवस कलला होता. बाजार उठत आलेला. तेवढ्यात रस्त्यानं मिस्त्री घरी चाललेला दिसला. तो स्वतःहून थांबला. वाकला. बोटानं थेंब टिपला. आणि त्या दिवसभरात अंगणात पडलेल्या हजारो शब्दांत जो नव्हता, तो एकच शब्द बोलला.

“वायसर?”

बोल्टाखाली एक चकती असते. पातळ, अ‍ॅल्युमिनियमची. तिच्याशिवाय बोल्ट कितीही आवळा, ऑइल वाट काढतं. ती बोल्टाबरोबर घमेल्यात पडली होती. आणि घमेल्यातला ऐवज आता पाच घरांत वाटला गेला होता.

मी आणि पुतण्या निघालो. नानांकडं गवंड्यानं निम्म्या प्लेटा फासून संपवल्या होत्या; त्यानं ब्रश झटकून दाखवला, त्यात नव्हती. बापूंच्या कडबा कुट्टीच्या चेनमधे नव्हती. बापूंनी कुट्टी चालवून खात्री केली, त्यात आमच्या पुतण्याचा रुमाल गेला. काकींच्या चौकटीवरची वाळवी जिवंत होती, वायसर नव्हता. अण्णांचं गेट आवाज न करता उघडलं, त्यामुळं आम्ही थेट त्यांच्या जेवणाच्या ताटाजवळ जाऊन उभे राहिलो.

तात्यांकडं सापडला. त्यांनी तो धुऊन, पुसून, देव्हाऱ्यात ठेवला होता.

“तात्या, हा वायसर आहे.”

“मला वाटलं भोकाचा पैसा.”

इंग्रजांच्या शेवटच्या काळात, १९४३ पासून, मधे भोक असलेला तांब्यासारखा एक पैसा निघायचा. तात्यांनी तो लहानपणी पाहिलेला. सोडताना म्हणाले, “लक्ष्मी घरातनं बाहीर काढायची न्हवती, पर तुमचं काम अडलंय म्हणून.”

धावत आलो आणि विजयानं तो मिस्त्रीच्या हातावर ठेवला. त्यानं तो दोन बोटांत धरून बघितला, आणि मागं रस्त्याकडं भिरकावला.

“जुना वापरत न्हाईत सर. दबलेला असतुया.” आणि खिशातून नवा काढला.

आता वायसर घालायचा तर बोल्ट काढायला हवा, आणि बोल्ट काढला की नवं कोरं ऑइल खाली. बातमी कशी पोचते कोण जाणे. बोल्टाला पाना लागायच्या आत नाना घमेलं घेऊन, काकी माप घेऊन आणि बापू मोकळा डबा घेऊन हजर. “नवं सांडणार म्हनं?” बायकोनं न बोलता घरातली परात, तीच परात, बाहेर आणून मिस्त्रीच्या हातात दिली. माझ्या हातात नाही. मिस्त्रीनं एक थेंब न सांडता ऑइल परातीत घेतलं, वायसर घालून बोल्ट बसवला, तेच ऑइल परत ओतलं, गाडी दोन-तीन मिनिटं चालवली, बंद करून थांबला, आणि मग ऑइल मोजायची काडी पुसून नुसती आत टेकवून बघितली. काडी आट्यात फिरवून आत बसवायची नसते, नुसती टेकवायची, हे मी एका पुस्तकात वाचलं होतं. तो ते पुस्तक वाचणाऱ्यातला नव्हता. रेषा बरोबर मधोमध.

“किती झाले?” मी विचारलं.

“वायसरचं पाच.”

“आणि मजुरी?”

“मजुरी कसली सर? सगळं तुमीच केलंय की.”

हे कौतुक होतं की टोमणा, यावर बायको आणि माझ्यात अजून एकमत नाही. पण जाता जाता तो घुटमळला. इकडं तिकडं बघितलं. घरी जायचं सोडून तो माझ्या अंगणात का थांबला होता, ते तेव्हा कळलं.

“जळकं कुटं ठेवलंय?”

गॅरेजमधलं जळकं ऑइल पिंपात साठतं आणि विकलं जातं. तो मिस्त्रीचा हक्क. मी ते वाटून टाकलं म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं, ते आटे गेलेलं इंजिन बघूनही दिसत नाही. “घरी बदला, कायबी करा,” तो म्हणाला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. “पर जळकं मातूर मला आणून देत जावा.”

*

तेव्हापासून गल्लीत माझी पत वाढली आहे. नानांचा स्लॅब चांगला सुटला, त्यांना आता वरचा मजला चढवायचाय. वाळवीनं काकींच्या चौकटीवरून कपाटाकडं मोर्चा वळवलाय. गेट पुन्हा वाजू लागलंय. सगळ्यांना पुढच्या ऑइलची ओढ. पण माझ्या मीटरची केबल तुटलेली, त्यामुळं वेळ कधी आली हे कळायला मार्ग नाही.

परवा शाळेतून आलो तर अंगणात बैठक भरलेली. गाडीला नवी कोरी केबल बसवलेली होती. या गाडीत आजवर दुसऱ्या कुणी रुपया घातला नव्हता. ही केबल वर्गणीतून आली. तात्यांनी पावती ठेवली आहे. आता रोज सकाळी मी गाडी काढायच्या आत कुणीतरी मीटरवर वाकलेलं असतं.

“कुटवर आलं सर?”

“अजून बरंच आहे.”

“शाळा तर जवळ हाय तुमची,” नाना हळहळले. “बदली मागून बघा की लांबची.”

“त्यापरीस पंढरपूरला जाऊन या,” बापू म्हणाले. “दर्शन हुईल, जाऊन-येऊन शंभराच्या वर पडतंय.”

काकींना ते पटलं. विट्याचा रस्ता पंढरपूरच्या बरोबर उलट दिशेला आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. त्यांनी पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं, “आणि येताना विट्यावरनं या.”